विमलबाईचा डावा हात

पेणमध्ये गणपतीचे कारखाने किती, हे मोजायला कुणी बसू नये. रामवाडीतला बाबाजीचा कारखाना त्यातलाच एक, फार मोठा नाही, अगदीच छोटाही नाही. पण नाव मोठं, आणि ते डोळ्यांमुळे. साच्यातून मूर्ती कुणीही काढतो, रंगही कुणी मारतो, डोळ्यांची आखणी मात्र शंभरात एखाद्याला जमते. बाबाजीच्या कारखान्यातला गणपती आपल्याकडे बघतो, असं डोलवीपासून रोह्यापर्यंत लोक सांगायचे. आणि बाबाजी पुढच्या फळीवर बारीक ब्रश हातात धरून, मान तिरकी करून "त्याची कृपा" म्हणायचा. लबाड माणूस! त्या ब्रशने त्याने आयुष्यात एक डोळा काढला असेल तर शपथ.

डोळे काढायची त्याची बायको विमलबाई, मागच्या खोलीत, पडद्याआड. पडदा ती बाई म्हणून नव्हता. पेणमध्ये बायका उघड्यावर बसून रंगकाम करतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. पडदा होता ती डावखुरी म्हणून. देवाचे डोळे, आणि तेही डाव्या हाताने? लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने, धोंडुबाईने, तिला मूर्तींपुढच्या उंदरांचे डोळे काढताना पाहिलं. आधी म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. मग उंदीर जवळ घेऊन नीट बघितले आणि म्हणाली, मागच्या खोलीत बस, नि कुणाला बोलू नको. झालं! त्याला एकतीस वर्षं झाली. जेवण उजव्याने, हळदीकुंकू उजव्याने, बँकेतली सहीसुद्धा उजव्याने. डावा हात फक्त देवासाठी, आणि तोही चोरून.

यंदा शिमगा झाला आणि चारच दिवसांनी मागच्या खोलीत आधी ब्रश पडला, मग विमलबाई पडली. हॉस्पिटलात नेईपर्यंत नाडी छत्तीसवर आली होती. पेसमेकर बसवावा लागेल म्हणाले. कागद भरताना नर्सने विचारलं, या काम कुठल्या हाताने करतात? बाबाजीने पापणी न हलवता सांगून टाकलं, उजव्या. नर्सने खात्रीसाठी विमलबाईकडे पाहिलं. डोळ्यांपुढे अंधारी, श्वास पुरत नाही, अशा अवस्थेतही बाईने मान हलवली, हो, उजव्या. एकतीस वर्षांची सवय ती, नाडी मंदावली म्हणून थांबते होय! माणूस ज्या हाताने काम करतो त्याच्या उलट बाजूला हे यंत्र बसवतात, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. यंत्र बसलं डाव्या खांद्याच्या खाली.

घरी सोडताना डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सहा आठवडे डावा कोपर खांद्याच्या वर न्यायचा नाही. पण हात बांधूनही ठेवायचा नाही, खालच्या खाली हलवत राहायचा. त्यानंतर चाला, डोंगर चढा, शेतात जा, पोहता येत असेल तर पोहा. हे यंत्र माणसाला खाटेवर निजवायला नाही, उठवायला बसवलंय, असंही ते म्हणाले. बाबाजीने यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. गाडीत बसायच्या आधीच त्याने बायकोचा हात ओढणीने गळ्यात बांधला. रंग मारायच्या कॉम्प्रेसरपासून दोन हात लांब बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबाजीने त्या दोन हातांचं थेट रोहे केलं आणि बायकोला तिच्या बहिणीकडे, काशीबाईकडे, नेऊन सोडलं. खोटं कशाला बोला, माणूस घाबरला होता. निघताना डोळे पुसत होता.

रोह्यात काशीबाईने बहिणीला फुलासारखं जपलं, आणि तिथेच सगळा घात झाला. तांब्या उचलू नको, केस विंचरू नको, मशीन निसटंल गो! एका महिन्यात विमलबाई कुंडलिकेच्या काठाने पहाटे फेऱ्या मारायला लागली. पेणला स्वतःच्या घराचा जिना चढताना ती दोनदा टेकायची. इथे बाजारातून भरलेली पिशवी उजव्या हातात घेऊन न थांबता घरी यायची. कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि ती ते ज्याला त्याला सांगायची. मग एके दिवशी तिने ओढणी सोडली. काशीबाईने लगेच पेणला फोन लावला, बाबाजी फोनवर आरडाओरडा करू लागला, त्यांचा पोरगा निकेशही मधे पडला, आणि एवढी माणसं आपल्या काळजीने ओरडतायत म्हटल्यावर बाईने मुकाट्याने हात पुन्हा बांधून घेतला. सहा आठवड्यांचे आठ झाले, आठाचे चौदा.

जूनअखेर तपासणीला गेले. यंत्र बघणारा म्हणाला, झकास चाललंय, आता कितीतरी वर्षं बघायला नको. डॉक्टरांनी दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा सरळ छताकडे गेला. डावा छातीपर्यंत आला आणि थांबला. विमलबाईने ओठ दाबून आणखी जोर लावला आणि कळ मस्तकात गेली. खांदा पार आखडला होता. हात बांधून कुणी ठेवला म्हणून डॉक्टर चिडले. बाबाजी पंख्याकडे बघत बसला.

"डॉक्टर, माझं काम याच हाताचं हाय," विमलबाई म्हणाली.

डॉक्टरांनी फाइल चाळली, कागद तिच्यापुढे सरकवला आणि लिहिलेल्या जागेवर बोट ठेवलं. उजवा. तुम्हाला विचारलं होतं, खरं सांगितलं असतंत तर दुसऱ्या बाजूला बसवलं असतं, असं ते म्हणाले. आता रोज व्यायाम करा, हात येईल, पण वेळ लागेल.

आता ती रोह्याला गेली नाही, पेणला घरीच परतली. वाटेत म्हणाली, तुम्ही उजवा सांगितलात. बाबाजी म्हणाला, मान तू पण हलवलीस. ते खरंच होतं, म्हणून तर इतकं झोंबलं. नवऱ्याला चार शिव्या घालाव्यात तर त्यातल्या दोन आपल्याच वाट्याला येतात, हे कळून बाईच्या जिवाचा संताप संताप झाला.

यंदा अधिक महिन्यामुळे गणपती सप्टेंबरात, एवढीच काय ती सोय. रोज सकाळ-संध्याकाळ विमलबाई भिंतीला लागून उभी राहायची आणि डाव्या हाताची बोटं इंच इंच वर चढवायची. डोळ्यांतून पाणी यायचं, ती पुसायची नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हात खांद्यापर्यंत आला. मोठ्या मूर्ती जमणार नव्हत्या, पण फूट-सव्वा फुटाची मूर्ती खाली ठेवली तर डोळे काढता येत होते.

इकडे बाबाजीने आखणीसाठी बाहेरचा माणूस आणला होता. त्याचे गणपती नुकतेच झोपेतून उठवल्यासारखे दिसत. येणारी गिऱ्हाइकं मूर्तीकडे बघत, मग एकमेकांकडे बघत आणि उद्या येतो म्हणून जात. शेवटी बाबाजीच बायकोपाशी आला. पडदा धुऊन लावलाय, म्हणाला, बस आता मागं.

"बसंन. पण पुढच्या फळीवर," विमलबाई म्हणाली. "पडद्याआड बसून बसून माझा हात गेलाय."

त्याने समजावलं, चिडला, एक दिवस जेवला नाही. मग कबूल झाला, कारण दुसरा इलाजच नव्हता. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा बसवू, एवढा हिशेब त्याने मनाशी केला असणार. चार दिवसांत बाईने सात मूर्तींचे डोळे काढले. यंत्राने तिच्या नाडीत भर घातली होतीच. हात पूर्वीपेक्षाही स्थिर चालत होता, आणि हे तिचं तिलाच जाणवून ती मधेच एकटी हसायची.

पाचव्या दिवशी भर दुपारी रोह्याचे हैबतराव आले. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि त्यांच्या शब्दावर रोह्यातली आणखी दहा-बारा घरं इथे यायची. पुढच्या मूर्तीसमोर त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, हेच ते डोळे, दरवर्षीचे. मग त्यांची नजर शेजारी वळली. विमलबाई आठव्या मूर्तीवर वाकली होती. ब्रश डाव्या हातात.

"वैनी, डाव्या हाताने?" त्यांनी विचारलं. राग नव्हता, नुसतं विचारलं.

बाबाजी पुढे झाला. त्याला शब्द शोधावे लागले नाहीत, तोंडात तयारच होते. "पेसमेकर बसवलाय ना तिला. उजव्या बाजूला. डॉक्टर म्हणाले उजवा हात उचलायचा नाय, म्हणून आपला टाइमपास. आखणी माझीच."

हैबतरावांचा चेहरा सैल झाला. अरे अरे, मग काय करणार, देव समजून घेतो, असं काहीसं ते म्हणाले. निकेश आतून कागद आणि सुतळी घेऊन आला. एवढ्यावर सगळं निभावलं असतं. बाईने खाली मान घालायची, की झालं. एकतीस वर्षं तेच तर केलं होतं. पण ज्या यंत्रापायी आपण चौदा आठवडे बांधून पडलो, ज्याची शिवण रोज अंघोळीला बोटाला लागते, तेही हा माणूस सोयीने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवतोय, हे बघून तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिने ब्रश खाली ठेवला. पदर बाजूला केला आणि डाव्या खांद्याखालचा उंचवटा दाखवला.

"भाऊ, मशीन इथं हाय. उजव्या हाताला काय झालेलं नाय. तुमच्या घरात बावीस वर्षं जे बसले, त्या सगळ्यांचे डोळे याच हातानं काढलेत."

हैबतरावांनी मूर्तीला पुन्हा हात जोडले, या वेळी माफी मागितल्यासारखे. घरात म्हातारी आई आहे, तिला काय सांगू, एवढंच म्हणाले. वहाणा घातल्या आणि हमरापूरच्या रस्त्याला लागले. तिथे कारखान्यांना काय तोटा! चार वाजेपर्यंत रोह्याहून तीन फोन आले, पाच वाजता आणखी दोन. सगळे सभ्यपणे बोलले, सगळ्यांनी वैनींच्या तब्येतीची चौकशी केली आणि सगळ्यांनी यंदा दुसरीकडे बघतो म्हणून सांगितलं.

बाबाजी बायकोवर ओरडला नाही. त्याने निकेशला पांढऱ्या रंगाचा डबा आणायला सांगितलं. सातही मूर्तींच्या डोळ्यांवर पांढरा फिरव, म्हणाला, आणि बाहेरच्या माणसाला उद्या परत बोलव. निकेश आईकडे बघत राहिला. मग त्याने डबा उघडला.

बाबाजी फळीच्या कडेला बसला होता. बायकोकडे न बघता म्हणाला, "मशीन बसवलं तेव्हा म्या देवाला हात जोडले होते. वाटलं, बायको वाचली."

"वाचले ना," विमलबाई म्हणाली. "म्हणून तर बोलले."

तो उठून आत गेला. निकेशने पहिल्या मूर्तीपासून सुरुवात केली. प्रत्येक मूर्तीपाशी तो थोडा थांबायचा, आई काही म्हणते का बघायचा आणि ब्रश फिरवायचा. सातवी मूर्ती होईपर्यंत विमलबाई तिथून हलली नाही.