पवईचं जानेवारीतलं पाणी

माझ्या लेकीचं, अनुपमाचं लग्न १९८३ सालच्या मे महिन्यात झालं. गिरण्यांच्या संपाला तेव्हा सव्वा वर्ष होऊन गेलं होतं, आणि आमची गिरणी पुन्हा सुरू होईल असं म्हणणारेही गप्प झाले होते. लग्न उरकलं आणि जूनमध्ये मी पवईच्या तलावावर नावाडी म्हणून लागलो. तिथे हौशी मासेमारांचा एक क्लब होता. रॉड आणि रीळ घेऊन येणाऱ्या मेंबरांना बोटीतून जागेवर न्यायचं, नांगर टाकायचा, मासा लागला की जाळीने उचलून घ्यायचा, असं काम. मी मूळचा देवगडचा. वल्हं लहानपणापासून हातात होतं. कांजूरमार्गला मी आणि बायको जानकी एका खोलीत राहायचो, तिथून चालत यायचो.

नावाडी दोघे होतो. दशरथ हा तलावाजवळच्या तिरंदाज नावाच्या गावातला, जुना, कायमचा. मी टेम्परवारी. क्लबची रीत अशी होती की नाताळ झाला की दुसऱ्या नावाड्याला घरी पाठवायचं आणि होळीनंतर बोलवायचं, कारण थंडीत मासा लागत नाही. मेंबर पहाटे सहाला यायचे, कानाला मफलर गुंडाळून नऊपर्यंत बसायचे आणि रिकामे परत जायचे. दोन-तीन रविवार असे गेले की येणंच बंद. माझ्या आधीचा माणूस असाच नाताळात घरी गेला होता. होळीनंतर त्याला कोणी बोलावलं नाही, आणि जूनमध्ये त्याच्या जागी मी आलो होतो. हे दशरथने मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं.

क्लबात मरोळ गावठाणातले ऑगस्टीन कोरिया म्हणून एक मेंबर होते. साठी ओलांडलेले, बायको वारलेली, मुलगी मार्सेलिनाकडे राहायचे. केरळात मुन्नारला चहाच्या कारखान्यात बावीस वर्षं फिटर होते, म्हणून सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. तिथल्या मळ्याच्या मॅनेजरने त्यांना डोंगरातल्या ओढ्यांवर ट्राउट धरायला शिकवलं होतं. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा, आपल्याकडे होत नाही. त्याला धरायला माशी लागते, तीही खोटी. बारीक गळाला कोंबड्याचं पीस आणि रेशमाचा दोरा बांधून ती करतात. तिला वजन नसतं, म्हणून दोरीच जड घेतात आणि रॉड चाबकासारखा मागेपुढे हलवून ती पाण्यावर सोडतात. मेस्त्री तो रॉड पवईला घेऊन येत, आणि त्यांना पाहिलं की घाटकोपरचे हार्डवेअरवाले चंद्रप्रकाश हमखास विचारत, "काय मेस्त्री, आज कोंबडी सोलली वाटतं?"

"सोलली. तुझ्या टोपीत खोचू का एक पीस?"

नाताळच्या आधीच्या रविवारी सेक्रेटरी नंदकुमार देसाई मला म्हणाले, "लवू, एकतीसपर्यंत ये. मग होळीनंतर बघू." मेस्त्री तिथेच पायरीवर बसून बूट काढत होते.

"का रे नंदू? तो काय पाण्यात विरघळतो का थंडीत?"

"थंडीत मासा लागत नाही, मेस्त्री. दोन नावाडी ठेवून करू काय?"

"तुम्ही त्याला पहाटे सहाला उठवायला येता. मासा काय दूधवाला आहे? मुन्नारला जानेवारीत गवतावर पांढरं हिव पडतं, पाण्यात हात घातला तर बोटं बधिर होतात. तिथे मासा लागतो, आणि तुझ्या पवईत लागत नाही?"

"मग लावून दाखवा."

"दाखवतो. बावीस जानेवारीला रविवार आहे. तू ये, हा चंद्रप्रकाश येऊ दे. एक चांगला मासा बोटीत आला तर लवू राहील. बोल."

देसाई हसले. "चांगला म्हणजे तीन किलोच्या वर. आणि नाही आला तर होळीनंतरचंही मी काही बघणार नाही, सांगून ठेवतो. तोपर्यंत येऊ दे त्याला."

पैज त्यांनी लावली होती, नोकरी माझी होती.

दुसऱ्या दिवसापासून मेस्त्री बसने रोज दुपारी येऊ लागले. त्यांच्याकडे एक थर्मामीटर होता. तो दोरीला बांधून ते पाण्यात सोडत. मी तेव्हा अक्षरं शिकलेलो नव्हतो, पण गिरणीमुळे आकडे येत होते. सकाळी सातला मी मोजायचो, दुपारी एकला ते मोजायचे. सकाळी काठाला एकोणीस, दुपारी बावीस. खोल तळाला दिवसभर वीस.

"दोन-तीन आकड्यांनी काय होतंय, मेस्त्री?"

"तुला काही होत नाही, तुझ्या अंगात तुझी ऊब आहे. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार. पाणी गार झालं की त्याचं पोट मंदावतं. तो खोल, संथ पाण्यात जाऊन बसतो आणि वीतभर लांबचं खाणंसुद्धा सोडून देतो. ट्राउटचं तेच. थंडीत मी सकाळी ओढ्यावर जातच नसे. जेवून जायचं. ऊन तळाच्या दगडांना लागलं की दोन तास तो जागा होतो. तेवढ्यात बारीकातली बारीक माशी, अगदी हळू, त्याच्या तोंडासमोरून न्यायची. घाई केलीस तर तो बघतसुद्धा नाही."

आम्ही तलावाच्या बांधाच्या भिंतीच्या आतल्या अंगाला एक जागा धरली. तिथे खोल पाणी उथळाला मिळत होतं. कुठलीही जागा आधीपासून चारा टाकून लावावी लागते, म्हणजे मासा तिथे यायला शिकतो. पावसाळ्यानंतर आम्ही भाजलेली पेंड आणि भाताचा कोंडा रोज अर्धी बादली टाकत असू. मेस्त्रींनी सांगितलं, "पेंड नाही. नुसता कोंडा, दिवसाआड, एक मूठ. आणि मूठ तुझी नको, जानकीची. तुझी मूठ म्हणजे घमेलं."

पहिले काही दिवस मी तसंच केलं. मग मेस्त्रींना सर्दी-ताप झाला आणि आठवडाभर ते आले नाहीत. संक्रांतीला लेक आणि जावई घरी आले. लग्नानंतरची पहिली संक्रांत, तेव्हा जानकीने वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, गुळाच्या पोळ्या असं सगळं केलं आणि जावई नको नको म्हणत असताना ताटात वाढत राहिली. तो उठेपर्यंत चार वाजले. सोमवारी मी जागेवर गेलो तर पाण्यावर एक बुडबुडा नाही. मासा तळाला चरत असला की बारीक बुडबुडे येतात. सहा दिवस राहिले होते. मला वाटलं, मूठभर कोंड्याने कोण येणार? आपल्याकडे कोणाला बोलवायचं तर असं हात आखडून नाही बोलवत. मी पेंड आणली आणि संध्याकाळी घरी भाजायला घेतली.

जानकी म्हणाली, "ह्या कोणासाठी?"

"माशासाठी."

"मेस्त्रीन सांगल्यान नको म्हणून. मासो काय तुमचो जांवय आसा? किती वाढतलास?"

मी ऐकलं नाही. मंगळवार ते शुक्रवार रोज अर्धी बादली टाकली.

शनिवारी दुपारी मेस्त्री आले. अंगात अजून कसर होती, गळ्यात मार्सेलिनाचा लोकरी स्कार्फ होता. जागेवर गेल्यावर त्यांनी मला नांगर टाकून लगेच वर घ्यायला लावला. नांगराला काळा चिखल चिकटून आला. त्यांनी तो बोटावर घेतला, वास घेतला आणि बोट माझ्या नाकाखाली धरलं. आंबूस, कुजका वास.

"पेंड टाकलीस?"

"टाकली."

"किती?"

"अर्धी बादली. चार दिवस."

मेस्त्री कधी शिवी देत नसत. त्या दिवशी एक दिली. मग म्हणाले, "खाल्लं कोणी नाही, सगळं तळाला पडून नासलं. आता इथे पंधरा दिवस मासा फिरकणार नाही. अरे, भूक नसलेल्याला वाढून भूक लागते का?"

मी वल्ही धरून बसलो. ते म्हणाले, "बसू नको. चल, वल्हव. पाणी शोधू."

आम्ही तीन तास तलावभर फिरलो. दर शंभर हातांवर ते थर्मामीटर सोडायचे. भिंतीकडे बावीस. मध्ये एकवीस. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला, पश्चिमेचा, आणि तलावाचं वरचं पाणी हळूहळू पूर्वेला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या काठाकडे सरकू लागलं. मेस्त्रींनी तिकडे बोट न्यायला सांगितली. काठाच्या खडकांवर कासवं ऊन खात बसली होती. तिथे पाणी पुरुषभरच खोल होतं. थर्मामीटर वर घेतला तर साडेतेवीस.

"वाऱ्याने ऊन इथे आणून ठेवलंय," मेस्त्री म्हणाले. "उद्या इथेच. आणि लवू, एक दाणासुद्धा टाकायचा नाही."

"न लावलेल्या जागेवर?"

"ओढ्यात मी कुठे चारा टाकत होतो?"

रविवारी देसाई आणि चंद्रप्रकाश सवयीने सहालाच हजर. मेस्त्री साडेनऊला आले आणि त्यांनी कोणाला बोटीत बसू दिलं नाही. चहा झाला, पुन्हा चहा झाला.

चंद्रप्रकाश म्हणाले, "यार मेस्त्री, मासे धरायला आलोय की मुलगी बघायला?"

"मुलीकडचेसुद्धा पोहे होईपर्यंत थांबवतात. बस."

साडेअकराला निघालो. मी काठापासून लांब नांगर सोडला, आवाज न करता, हाताने. मेस्त्रींनी दोघांच्या जाड दोऱ्या काढून बारीक लावल्या, लहान गळ, त्याला तुरीच्या दाण्याएवढी कणकेची गोळी, आणि वर पाण्यावर तरंगायला बूच. त्यांनी स्वतः रॉड उघडला नाही. "थंडीत बूच बुडणार नाही," त्यांनी सांगितलं. "तो ओढत नाही, नुसता तोंडात घेतो. बूच कलंडलं की रॉड उचला."

बारा वाजले, साडेबारा झाले. काही नाही. वारा सुटला. एक वाजून गेल्यावर चंद्रप्रकाशांचं बूच एका बाजूला झुकलं.

"उचल!" मेस्त्री म्हणाले.

"अजून बुडलं कुठे?"

"उचल रे!"

त्यांनी उचललं तेव्हा गळ साफ होता. मेस्त्रींनी डोळे मिटून घेतले. देसाई घड्याळाकडे बघत म्हणाले, "दोन वाजता परत फिरू. मला पाहुणे आहेत." मी त्या बुचांकडे बघत होतो आणि घरी जानकीला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो.

पावणेदोनला देसाईंचं बूच कलंडलं. त्यांनी नुसता मनगटाने रॉड उचलला, आणि रीळ फिरायला लागलं. गार पाण्यातला मासा पावसाळ्यासारखा उसळत नाही. तो जड होऊन तळाला धरून बसतो, थोडा येतो, पुन्हा जातो. दोरी बारीक होती. मेस्त्री देसाईंच्या कानाशी सारखे म्हणत होते, "सोड. सोड त्याला. आता घे. हळू, नंदू, हळू." पंधरा मिनिटांनी तो बोटीशी आला आणि मी जाळी खाली घातली. रोहू होता. बोटीतल्याच काट्यावर चार किलोला थोडा कमी भरला.

परत येताना मी देसाईंना पेंडीचं सगळं सांगितलं. उद्या दशरथकडून कळण्यापेक्षा ते बरं होतं.

"म्हणजे लावलेली जागा तू नासवलीस, आणि पाणी मेस्त्रींनी शोधलं?"

"हो साहेब."

"मग मेस्त्रींनाच नावाडी ठेवतो."

चंद्रप्रकाश मोठ्याने हसले. मी मान खाली घातली. देसाई म्हणाले, "अरे, गंमत केली. उद्यापासून सकाळी येऊ नकोस. अकराला ये, चारपर्यंत थांब. मेंबरांना मी कळवतो."

त्या थंडीत मी घरी बसलो नाही. मेंबर दुपारचे येऊ लागले. सगळ्यांना मासा मिळे असं नाही, पण येत होते. पुढच्या वर्षी क्लबने मला कायम केलं. जानेवारीत रविवारी तर माझी बोट भरलेली असायची, कारण वारा सुटल्यावर कुठे जायचं ते मला ठाऊक झालं होतं.

दोन वर्षांनी, अशाच एका रविवारी, साडेअकराला चार मेंबर बोटीत बसलेले असताना मेस्त्री गेल्याचा मरोळहून निरोप आला. दशरथ म्हणाला, "तू जा, मी नेतो यांना." पण त्याच्या बोटीतही चार जण होते, आणि माझे चौघे मालाड-मुलुंडहून त्या दोन तासांसाठी आले होते. मी बोट सोडली. चारला परत आलो, बोट बांधली आणि मरोळला गेलो. मार्सेलिनाने मला ओळखलं, आत नेलं आणि बसायला खुर्ची दिली.

ऑगस्टीन कोरिया १९ जानेवारी १९८६ रोजी सकाळी नऊ वाजता मरोळला राहत्या घरी हृदयविकाराने वारले. वय पासष्ट होतं.