मेंढराच्या पाठीवरून शर्टाच्या कॉलरीत

मी एक खूण बोलतेय. आजकाल मला 'लोगो' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटतं. वारंगा फाट्यावर हायवेला लागून 'अंगमाप क्लोदिंग कंपनी' अशी पाटी आहे. त्या पाटीवर गेरूच्या रंगात मी बसले आहे. कंपनी म्हणजे एक गाळा, तीन मशिनी आणि शिवकन्या. पण पाटीवर कंपनी लिहिलंय ना, मग कंपनीच म्हणायचं.

दिसायला मी अगदी साधी आहे. वर तोंड केलेला अर्धा गोल आणि त्याच्याखाली एक आडवी रेघ, शेवटाला जरा वर उडालेली. ती रेघ वर का उडाली, ते पुढे सांगते.

माझा जन्म मेंढराच्या पाठीवर झाला. पुसेगावच्या रामकिशनच्या आजोबांनी मला पहिल्यांदा काढलं. मेंढरं राखणाऱ्या घरांची ज्याची त्याची खूण असते. लोकरीची कातरणी झाली की गेरूत जवसाचं तेल कालवायचं, डाव्या हाताने मेंढराची मान धरायची आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने त्याच्या डाव्या खांद्यामागे खूण उमटवायची. रेघ ओढता ओढता मेंढरू हमखास अंग झटकायचं. म्हणून माझी रेघ शेवटाला वर उडालेली. आजोबांनी ती तशीच ठेवली, रामकिशननेही तशीच काढली. रानात कळप एकमेकांत मिसळले तरी संध्याकाळी कुणाला भांडावं लागत नसे. त्या माणसांना एकमेकांची तोंडं ओळखायला वेळ लागेल, पण खुणा ओळखायला नाही.

रामकिशनला मुलगा नाही. एकच लेक, शिवकन्या. लहानपणी गेरूची वाटी धरायचं काम तिचं. बापाचा अंगठा थकला की ती म्हणायची, "आबा, आता मी काढते." तिने काढलेली मी जरा जाडी व्हायची, पण मेंढरांनी कधी तक्रार केली नाही.

पुढे शिवकन्येचं लग्न झालं. तिचा नवरा भारत याचं वारंगा फाट्यावर टायरचं दुकान आहे. त्याच्या शेजारच्या गाळ्यात तिने शिलाई सुरू केली. तिची हातोटी मी जवळून पाहिली आहे, म्हणून सांगते. तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत, अशी माणसं तिच्याकडे येतात. पोती वाहून एक खांदा उतरलेला हमाल येतो, बसून बसून पोट सुटलेला ट्रकवाला येतो, पाठीला बाक आलेली म्हातारी येते. शिवकन्या माप घेताना कुणाला "सरळ उभे राहा" म्हणत नाही. "जसे उभे राहता तसेच राहा, कापड तुमच्यासारखं होईल," असं म्हणते. तिच्या हातचा शर्ट घालून उतरलेल्या खांद्याचा माणूस आरशात बघतो आणि त्याला आपले दोन्ही खांदे सारखे दिसतात. हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

इकडे रामकिशनचे गुडघे धरले. चराईची रानंही कमी झाली. एका बाजाराला त्याने कळप विकून टाकला. व्यापाऱ्याने एकेका मेंढरावर निळा रंग ओढला, बरोबर माझ्यावरूनच. मी एकेका पाठीवर विझत गेले. रामकिशन बाजूला उभा राहून बिडी पेटवायचा प्रयत्न करत होता आणि ती काही पेटत नव्हती. त्याच्या घरात मला पुढे काढणारं कुणी नव्हतं. मला तेव्हा वाटलं की संपलं आपलं.

पण शिवकन्येच्या मनात वेगळंच होतं. "आबांची खूण अशी पुसून जाऊ द्यायची न्हाई," असं ती भारतला म्हणाली. आणि तिने आपल्या भाचीला बोलावलं.

ही भाची म्हणजे भारतच्या बहिणीची मुलगी, सृष्टी. वसमतला फ्लेक्स-बॅनरच्या दुकानात डिझाइनचं काम करते. तिने आधी नेहमीचे नमुने काढून आणले होते. एकात कात्री होती, एकात मोर, एकात इंग्रजी अक्षरावर मुकुट.

"मामी, असले लोगो मी रोज करते. दिसतात भारी, पण सगळे एकाच आईची लेकरं वाटतात," सृष्टीच म्हणाली.

"मला आबांची खूण पायजे," शिवकन्या म्हणाली.

कळप विकल्यापासून रामकिशन लेकीकडेच राहायला आला होता. सृष्टीने त्याच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. म्हाताऱ्याने पेन धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. कागदावर जे उमटलं ते मी नव्हतेच, कुठलं तरी मडकं होतं. "सपाटीवर न्हाई येत गं मला," तो ओशाळून म्हणाला. सृष्टी काही हसली नाही. तिने इकडे तिकडे पाहिलं, पलंगावरची गोधडी गुंडाळली, तिच्यावर पांढरं फडकं घट्ट ताणलं आणि ती त्याच्या मांडीवर ठेवली. रामकिशनचा डावा हात आपोआप गोधडीच्या मानेवर गेला. अंगठा गेरूत बुडाला. अर्धा गोल, आडवी रेघ, आणि शेवटाला त्याने स्वतःच हात झटकला, जणू मेंढरू हललं. मी पुन्हा जन्मले. शिवकन्येने पदराने डोळे पुसले आणि गेरू डोळ्यात गेला असं सांगितलं.

सृष्टीने माझा फोटो काढून मला कॉम्प्युटरवर घेतलं. कॉम्प्युटरला वाकडं काही चालत नाही. त्याने माझी रेघ सरळ केली, गोल गुळगुळीत केला. मी इतकी नीटनेटकी झाले की माझी मलाच ओळख पटेना. सृष्टी बराच वेळ बघत राहिली आणि तिने ते सगळं पुसून अंगठ्याची जाडी-बारकाई पुन्हा जशीच्या तशी आणली. उडालेली रेघसुद्धा. मग खुर्चीवरून ओरडली, "मामी, हा तर गळ्याचा काप दिसून राहिला! आणि खालची रेघ म्हंजे टाका!"

शिवकन्येने मान तिरपी करून पाहिलं. खरंच की. इतकी वर्षं मेंढराच्या पाठीवर बसून मी शिलाईचंच चित्र होते, आणि मला पत्ताच नव्हता. त्या पोरीच्या नजरेला मी मनापासून दाद दिली.

आता खरी गोष्ट ऐका.

पुसेगावकडच्या व्यंकटरावांच्या मुलाचं लग्न ठरलं. व्यंकटरावही मेंढरंवाले, रामकिशनबरोबर सारं रान तुडवलेले. त्यांनी सगळ्या भाऊबंदांसाठी एकसारखे शर्ट शिवकन्येकडे शिवायला टाकले. कंपनीची ती पहिली मोठी ऑर्डर होती. शिवकन्येने जीव ओतून शर्ट शिवले आणि आनंदाच्या भरात प्रत्येकावर मला दोऱ्याने भरलं. कुठे? तर पाठीवर, डाव्या खांद्यामागे. मी पहिल्यापासून तिथेच असायची ना! तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मलाही नाही.

लग्नाला दोन दिवस असताना व्यंकटराव भावाला घेऊन आले. शर्ट अंगात घातला. "बराबर बसला," म्हणत ते आरशाकडे वळले. त्यांची पाठ भावाकडे झाली. भाऊ असा काही हसत सुटला की शेजारून भारत पान्हा हातात घेऊनच धावत आला.

"काहून हसून राहिला?" व्यंकटरावांनी विचारलं.

"भाऊ, तुमी रामकिशनच्या कळपात कधी गेले?"

व्यंकटरावांनी शर्ट काढून पाठ पाहिली आणि त्यांचा चेहरा लालेलाल झाला. "शिवकन्या! आमच्या पोराच्या लग्नात आमी समदी भावकी तुह्या बापाची मेंढरं म्हणून मिरवायची का? अख्खा मांडव हसंल! हे काढ, न्हाई तर शर्ट ठेवून घे. मी नांदेडहून तयार आणतो."

ऑर्डर गेली असती तर फाट्यावर कुणी शिवकन्येकडे पुन्हा लग्नाचं कापड टाकलं नसतं. आणि मला उसवून काढलं असतं, तर कपड्यावरून मी कायमचीच गेले असते. ती रामकिशनकडे बघू लागली. तो दुकानातल्या बाकड्यावर बसून सगळं ऐकत होता.

"काढ पोरी," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या मेंढरावर आपली खूण उमटवणं म्हंजे चोरी. व्यंकटराव बराबर बोलून राहिले."

मला वाटलं होतं, म्हातारा माझी बाजू घेईल. पण तो जे बोलला ते रानातल्या रीतीला धरूनच होतं. शिवकन्येने टाके उसवायला घेतले. पहिलाच दोरा ओढताना तिचा हात थांबला.

"आबा, मग खूण म्हंजे नुसतं 'हे माझं' म्हणणं, एवढंच का?"

रामकिशन म्हणाला, "न्हाई. आपलं आपल्याला कळतंच की. खूण असती ती दुसऱ्यासाठी. मेंढरू चुकलं, लंगडलं, काटा लागला, तर ते कोणाकडं नेऊन सोडायचं हे बघणाऱ्याला कळावं म्हणून. ज्याची खूण, त्याची तकलीफ."

शिवकन्या उठली. तिने शर्टाची कॉलर उलटी केली आणि आतल्या बाजूला बोट ठेवलं. "काका, पाठीवरची काढते. शर्ट तुमचा, त्याच्यावर माझं काही न्हाई. पण इथं आत बारीक अशी राहू द्या. उद्या उसवला, आखूड झाला, तर कोणाकडं आणायचा ते तुमाला कळाया पायजे. जोवर ही खूण हाय, तोवर दुरुस्ती माझ्याकडं."

"बाहेर दिसली न्हाई पायजे," व्यंकटराव गुरकावले. भाऊ अजूनही तोंडावर रुमाल धरून होता.

पुढचे दोन दिवस शिवकन्येने पाठीवरची मी उसवली आणि कॉलरीच्या आत पुन्हा भरली. सृष्टी वसमतहून धावत आली आणि इतक्या लहान आकारातही माझी रेघ उडालेली दिसावी म्हणून तिने मला पुन्हा बेतलं. पाठीवर सुयांची बारीक भोकं राहिली होती, ती वाफेच्या इस्त्रीने मिटवली. लग्न झकास झालं. भावकी ऐटीत मिरवली आणि मी सगळ्यांच्या मानेला टेकून लग्न पाहिलं.

तेव्हापासून माझी जागा तीच. आता माणसांना माझी सवय झाली आहे. कपडा घेताना लोक आधी कॉलर उलटून बघतात. फाट्यावर थांबणारे ट्रकवाले उसवलेली बगल घेऊन येतात. नवऱ्याचं पोट वाढल्याची तक्रार घेऊन बायका येतात, आणि तक्रार शिवणीची असल्यासारखी सांगतात. शिवकन्या कुणाला परत पाठवत नाही. कॉलर बघते, मला बघते आणि सुई ओवते.

परवा दुकानासमोर एक मोटारसायकल थांबली. व्यंकटराव होते, हातात पिशवी. लग्नातला शर्ट, धुऊन धुऊन मऊ झालेला, खांद्याशी टरकलेला. रामकिशन नेहमीप्रमाणे बाकड्यावर बसला होता. व्यंकटरावांनी कॉलर उलटी करून मला त्याच्यापुढे धरलं आणि मोठ्याने म्हणाले, "रामकिशन, ही तुहीच खूण हाय ना? घे मग. तुहं मेंढरू आलंय वापस."

रामकिशनला हसू आलं. त्याने शर्ट मांडीवर घेतला, डाव्या हाताने कॉलर धरली आणि उजवा अंगठा माझ्यावरून फिरवला. अर्धा गोल, मग रेघ. शेवटाला त्याचा हात झटकला गेला.

मला आता आणखी काही नको. मी छातीवर मिरवत नाही, दुरून दिसत नाही, शहरातल्या नवीन कपड्यांच्या गर्दीत मला कुणी विचारतही नसेल. पण तुमच्या अंगात शिवकन्येने शिवलेलं काही असेल आणि ते कुठे उसवलं असेल, तर टाकून देऊ नका. कॉलर उलटून बघा. मी आत आहे. मला घेऊन वारंगा फाट्याला या.