पुट्टीतले पिवळे कण

गंजाची मला घाण वाटत नाही. लोखंड म्हटलं की गंज आलाच. घाण वाटते ती गंज झाकणाऱ्यांची. नारीन शहरातल्या गॅरेजांच्या आळीत सव्वीस वर्षं मी पत्रे ठोकतोय, रंग मारतोय, तरी कुणी थापाथापी केलेली गाडी उघडली की अजून मळमळतं. वरून आरशासारखी चकाचक आणि आत सगळं सडलेलं! असलं काम करणाऱ्याच्या घरचा चहासुद्धा पिऊ नये, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. अगदी मोठ्या तोंडानं सांगत असे.

त्या दिवशी सुयुन एजे आली. एजे म्हणजे माझी थोरली बहीण, घाटापलीकडच्या कारा-बुलुन गावची नर्स. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला वाढवलं ते हिनंच. गेल्या हिवाळ्यात तिनं एका बाळंतिणीला कोळशाच्या ट्रकमधून इस्पितळात आणायला काढलं, आणि घाटातच ती पोर हिच्या मांडीवर गेली. तेव्हापासून एजेनं एकच धोशा लावला होता, बर्फ पडायच्या आत गाडी पाहिजे. घरच्या दोन घोड्या विकल्या आणि रविवारच्या गाडीबाजारातून एक जुनी जर्मन गाडी उचलली. गडद निळी. तीच चालवत ती माझ्या दारात आली.

"बघ रे तेंतिमिश, कशी आहे!" उतरल्या उतरल्या तिनं टपावर थाप मारली. "तू दिलेला चुंबक चारी बाजूंनी फिरवला. कुठ्ठं म्हणून घसरला नाही. विकणारा वैतागला, म्हणाला, मावशी, आता चाटून पण बघा."

चुंबक मीच दिला होता. चिकटला तर खाली लोखंड, घसरला तर पुट्टी, हे पढवलंही मीच होतं. बरोबर मात्र गेलो नव्हतो. रविवारी गिऱ्हाईक सोडून कोण जातो?

"एवढी चांगली आहे, मग इथं कशाला आणलीस?" मी विचारलं.

"मागच्या दाराखाली रंगाला दोन फोड आलेत. तेवढे घासून दे. गावातल्या बुरुलचे दिवस भरलेत, पहिलटकरीण आहे. आज-उद्यात तिला घेऊन यायचंय."

फोड दिसायला डाळीएवढे. अंगठ्यानं दाबला तर आतून तपकिरी पाणी आलं. शी! हात पुसला आणि खालून बघावं म्हणून जॅक लावला. दांडा फिरवत गेलो. गाडी तसूभर उचलली नाही. जॅकच कर्रकन आवाज करत दाराखालच्या पत्र्यात घुसला, पार आतपर्यंत.

एजेचा चेहरा उतरला. "हे काय झालं रे?"

"होतंय काय! आधीच झालंय," मी म्हणालो आणि खरवडणी घेऊन बसलो.

आधी निळा रंग निघाला. त्याखाली चंदेरी निघाला. त्याखाली पुट्टी, बोटभर जाड. पुट्टीखाली दुधाच्या डब्याचा कापलेला पत्रा, आणि त्याच्या आत, खिडकीच्या फटीत भरतात तो पिवळा फेस. अकरा-बारा हिवाळ्यांचं पाणी पिऊन तो फेस कुजला होता. मी तो ओढला तर त्याच्याबरोबर उंदराचं घरटं बाहेर आलं, आणि त्यात वाळलेली चार पिल्लं. असा भपकारा सुटला की मी बाजूला जाऊन थुंकलो. ज्या लोखंडानं गाडीचा भार पेलायचा, ते तिथं नव्हतंच. नुसता भुगा होता.

माझं डोकं फिरलं. "या रे, सगळे या!" मी आळीत ओरडलो. "लाज विकून खाल्लेल्या माणसाची कारागिरी बघायला या! आणि यात बाळंतिणी बसवायच्या होत्या! घाटातल्या एका खड्ड्यात गाडी मधोमध मोडली असती. हे करणाऱ्या मेल्याला रात्री झोप कशी लागते? पोरांच्या तोंडात घास कसा घालतो हा?"

माणसं जमली. समोरचा वेल्डर इस्मार हातातला मुखवटा तसाच घेऊन आला. त्यानं वाकून बघितलं, नाक दाबलं.

"वेल्डिंग करायचं तरी कशावर, गंजावर?" तो म्हणाला. "पण एक सांग, बोटभर पुट्टी आहे, मग तुझ्या बहिणीचा चुंबक चिकटला कसा?"

त्यानं पुट्टीचा एक खपला उचलला आणि एजेकडून चुंबक मागून घेतला. खपला टपकन चुंबकाला लोंबकळला.

"आयला! पुट्टीत लोखंडाचा कीस कालवलाय रे! डोकं बघा हरामखोराचं." इस्मारनं चुंबक एजेला परत दिला आणि खपला उन्हात फिरवला. "आणि हे पिवळं काय चमकतंय?"

ते पितळ होतं.

मी बसलो होतो तिथंच बसून राहिलो. अकरा वर्षांपूर्वी माझी टपरी याच आळीच्या बाजाराकडच्या टोकाला होती. शेजारी किल्ल्या करून देणारा बसायचा. त्याच्या यंत्राखाली किसाचा ढीग पडायचा, लोखंडाचा आणि पितळेचा एकत्र. मी तो डबा भरभरून आणायचो. एका दलालानं एक चंदेरी गाडी आणली होती. मला म्हणाला, दादा, असं काहीतरी कर की चुंबक घेऊन फिरणाऱ्यांची खोड मोडली पाहिजे. मी अर्ध्या दिवसात ते करून दिलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा अभिमान वाटला होता. अशा पाच-सहा गाड्या केल्या, मग सोडलं. आणि आपण सोडलं म्हणजे ते झालंच नव्हतं, असं धरून चाललो. चुंबक देताना मला ते आठवलंसुद्धा नाही. डब्याचा पत्रा कापायची ती तिरकी पद्धत माझी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि तेही मीच बोलावलेल्या गर्दीपुढे.

"पिवळं असेल काहीतरी," मी पुटपुटलो. "कचरा."

बोललो आणि स्वतःचीच शिसारी आली. उंदराच्या त्या घरट्याची आली नव्हती एवढी.

एजे मात्र त्या भोकाकडे बघत होती. मग तिनं हळूच दोन्ही हात छातीसमोर उचलले आणि तळवे फिरवले. आशीर्वाद देताना तळवे तोंडाकडे असतात. शाप देताना उलटे, जगाकडे. माझ्या बहिणीला असे हात करताना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. इस्मारनं डोक्यावरची टोपी काढली. तिच्या हातांवर तिच्या गावातली निम्मी पोरं जन्माला आली आहेत. तिचा शब्द वाया जात नाही, असं लोक मानतात. मीही मानतो. ही टपरी टाकली तेव्हा पहिला आशीर्वाद तिचाच होता.

"ज्या हातांनी हे केलं," एजे म्हणाली, "ते हात..."

मी धावत जाऊन तिची मनगटं धरली.

"एजे, थांब! नको बोलूस. ते हात माझे आहेत."

तिला वाटलं मी तिला गप्प करायला बोलतोय. "सोड मला," ती म्हणाली.

"शपथ घेऊन सांगतो. तो पितळेचा कीस बघ. मीच कालवलाय. तेव्हा गाडी चंदेरी होती."

तिनं खपल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. आळीतल्या लोकांनी माना खाली घातल्या आणि एकेक जण सटकला. आत्ता मी किती ओरडलो होतो, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं आपलं मनगट सोडवून घेतलं आणि ते कोटाला पुसलं.

"बुरुलचं काय आता?" तिनं विचारलं.

"माझी गाडी घेऊन जा. कायमची घे. मी दुसरं काहीतरी बघेन."

मी किल्ली पुढे केली. ती लगेच घेतली नाही. माझ्या हत्यारांतला स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि साठीची माझी बहीण माझ्या गाडीपाशी चिखलात गुडघे टेकून बसली. चारी दारांखालचा पत्रा तिनं टोचून टोचून पाहिला. आवाज ऐकत होती. एकेक इंच. मी उभा होतो. इस्मार त्याच्या दारातून बघत होता. माझ्या गाडीत कुठंच पुट्टी नव्हती.

ती उठली, किल्ली घेतली, आत बसली. आजवर ती कधीही निघाली की मी खिडकीशी जाऊन दोन्ही तळवे पसरतो आणि ती आशीर्वाद देते. सवयीनं मी गेलो. तळवे पसरले.

एजेनं खिशातून चुंबक काढला, माझ्या पसरलेल्या हातात ठेवला आणि गाडी सुरू केली.