सैल लावलेल्या तारा

नवरा उठायच्या आत तिचा सराव होई. ओट्यावर चहाचं आधण ठेवायचं, गॅस बारीक करायचा, बैठकीच्या खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि खिडकीजवळच्या बिनहाताच्या खुर्चीत बसून गिटार मांडीवर घ्यायची. गिटार नीट टेकावी म्हणून डाव्या पायाखाली शरीररचनाशास्त्राचा जाडजूड ग्रंथ असे. एवढ्या शिक्षणाचा अखेर काहीतरी उपयोग झाला, असं नवरा म्हणे. पाण्याला उकळी फुटल्याचा आवाज आला की ती उठे. मग चहा, दोघांचे डबे, अंघोळ, आणि रुग्णालयाच्या तळमजल्यावरचा फिजिओथेरपी विभाग.

तिथे ती दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलते करी. "दुखणार आहे," ती आधीच सांगे. "थापा मारणार नाही. पण दुखलं तरच सुटेल." पेशंट तिला पाठीमागे 'दुखरी बाई' म्हणत, आणि तरी तिच्याच टेबलाशी रांग लावत.

आई गेल्यावर ती वर्षभर जवळजवळ मुकी झाली होती. तेव्हा नवऱ्यानेच गिटारच्या सरांचा पत्ता काढला. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत सर एकेकाला वेगळं बसवून शिकवत. दर गुरुवारी ते आधी तिची गिटार हातात घेत, खुंट्या पिळत, आपली गिटार तिच्याशी जुळवून घेत आणि मग शिकवायला लागत. तिने एकदा खुंटीला हात लावला, तर म्हणाले, "स्वर लावणं माझ्याकडे राहू द्या. कान तयार व्हायला वर्षं लागतात." इतरांच्या बोटांना घट्टे पडत, कातडी सोलवटून निघे. तिची बोटं मात्र मऊच राहिली. "हात मुळातच घडलेला आहे तुमचा," सर म्हणाले होते. हे वाक्य तिने घरी सांगितलं, विभागात सांगितलं, फोनवर बहिणीला दोनदा सांगितलं. आपल्या हातून काहीतरी सहज होतंय, ही भावना तिला फार दिवसांनी मिळाली होती.

म्हणूनच एक्स-रे विभागातल्या तंत्रज्ञांनी साथीला गिटार वाजवाल का, असं विचारलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. त्यांना सगळे फोटोवाले म्हणत. कर्मचाऱ्यांच्या स्नेहमेळाव्यात स्वागतकक्षातली मुलगी गाणार होती, फोटोवाले कीबोर्ड वाजवणार होते.

कँटीन बंद झाल्यावर तिघं तिथे तालमीला बसले. तिने पहिला कॉर्ड छेडला आणि मुलगी गाता गाता थांबली.

"मॅडम, तुमची गिटार माझ्या गळ्याशी कट्टी करून बसलीय."

"मी बरोबर पट्टीतच वाजवतेय," ती म्हणाली.

पुन्हा तेच झालं. फोटोवाल्यांनी गिटार मागून घेतली आणि कीबोर्डची एकेक पट्टी दाबत एकेक तार तपासली. मग ते जरा अवघडले.

"तारा उतरल्यात. सगळ्याच्या सगळ्या, आणि अगदी सारख्या."

"हवेने उतरल्या असतील."

"हवेने उतरल्या तर एक इकडे, एक तिकडे उतरेल. हे कुणीतरी मुद्दाम लावलंय. ताण कमी, म्हणजे बोटाला त्रास कमी. लहान मुलांना देतात कधीकधी, सुरुवातीला." त्यांनी तारा चढवून गिटार परत दिली. "आता बघा."

तिने कॉर्ड धरला. तारा बोटांत रुतल्या. अर्ध्या तारा बोलल्या, अर्ध्या नुसत्या खरखरल्या. दोन कडव्यांनंतर तिला बोटं टेकवेनात. मुलगी मान खाली घालून फोन बघत राहिली. मुलीचं ते न हसणं तिला फार लागलं.

गुरुवारपर्यंत तिला थांबवेना. दुसऱ्या दिवशी विभागातून सुटल्यावर ती थेट जिना चढली. सर एकटेच होते. तिने न बसताच तारांचं विचारलं.

सरांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला. "तुमचे साहेब पहिल्याच दिवशी येऊन भेटले होते. म्हणाले, हिला मोठा वादक वगैरे करू नका, फक्त रमू द्या. बोटं दुखली तर सोडून देईल आणि पुन्हा कोपरा धरून बसेल."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"तुम्ही टिकलात की नाही? पहिल्या महिन्यात किती जण पळून जातात."

"घडलेला हात, म्हणालात. तेही साहेबांनीच सांगितलं होतं?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. म्हणाले, "तुम्हाला लय चांगली आहे. हे खरं आहे."

"ते मला आता कसं कळणार, सर?"

ती जिना उतरली.

घरी नवरा भाजी चिरत होता. "उशीर केलास. तालीम होती? कशी चाललीय?"

त्याच्या चेहऱ्यावर खरंच उत्सुकता होती. ती काळजीच होती, हे तिला दिसत होतं, आणि त्यामुळे तिला धड रागावताही येईना. गुरुवारी रात्री तो हमखास विचारी, सर काय म्हणाले? तिने सांगितलेलं कौतुक तो हसून ऐके. ते कुठून आलं हे ठाऊक असून ऐके. तिची कीव करायला दोन माणसं एकत्र आली होती, आणि तिने त्यालाच आपलं यश मानलं होतं.

"छान," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

सकाळी तिने फोटोवाल्यांना सांगितलं, या वर्षी दुसरं कुणी बघा, मला वाजवता येत नाही. ते समजूत घालू लागले, तर म्हणाली, "नका. तेच खूप झालंय." सरांना फोन करून कळवलं की गुरुवारी वाट बघू नका. कारण त्यांनी विचारलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी नवऱ्याने दार उघडून धरलं. "सरांना नमस्कार सांग."

"जाऊन येते," एवढंच ती म्हणाली, आणि कोपऱ्यावरून नेहमीच्या उलट वळली. शाळेमागच्या हॉलमध्ये एक बाई मुलांना गिटार शिकवत. कडक म्हणून त्यांचा लौकिक होता. मुलांच्या आयांची त्यांच्याबद्दल तक्रार असे.

"किती शिकलात?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. पहिल्यापासून सांगा. आणि चुकलं तर चुकलं म्हणा."

"ते सांगायला नको मला," बाई म्हणाल्या, आणि दोन शाळकरी मुलींना सरकायला सांगून त्यांनी तिच्यासाठी जागा केली.