राणीच्या गालावरची लाली

तिने खोलीतला दिवा मालवला आणि टॉर्च मॉनिटरच्या काळ्या काचेवर तिरका धरला. गोल उजेडात पत्त्यांचा अर्धा डाव दिसला, अगदी पुसट. चौकटची राणी, पलीकडे इस्पिकचा गुलाम.

“चित्र आहे, बाबा. मागचा उजेड तेवढा गेलाय.”

“म्हणजे जीव आहे म्हणायचा,” बाबा खुर्चीतून म्हणाले. “करा शास्त्रज्ञबाई, काय उपचार करायचे ते.”

ती हसली. आजवर सगळे सल्ले तिने फोनवरच दिले होते. याच टेबलाशी बसून बाबा लोकांचे जुने, फाटके फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायचे. गेल्या वर्षी ते काम सोडलं आणि पत्ते जवळ केले.

प्लग काढून तिने थोडा वेळ जाऊ दिला, मग मॉनिटरची चौकट उकलली. पडद्याच्या कडेला दडवलेल्या, पेन्सिलीहून बारीक ट्यूब अलगद बाहेर काढल्या. सगळ्यांची टोकं काळीभोर झाली होती.

बाबा वाकून बघत होते. “एवढ्याशा? पण जात आपल्या छतावरच्या ट्यूबचीच. ती कशी, आधी कित्येक महिने मिणमिणते आणि मग जाते.”

तिचा हात थांबला.

‘पडदा अंधारल्यासारखा वाटतो गं,’ बाबा काम सोडण्याआधी फोनवर म्हणाले होते. मॉनिटर एकतर चालतो नाहीतर बंद पडतो, तुम्ही डोळे दाखवा, असं सांगून तिने विषय मिटवला होता. त्यांनी चष्मा बदलला. तरी गिऱ्हाइकं कुरकुरतच राहिली, चेहरे पिठात घोळल्यासारखे येतात म्हणून.

“बाबा, छापून आलेले फोटो तुम्हाला कसे दिसायचे?”

“कसे म्हणजे? पांढरेफटक. माझ्या हातून लोकांच्या आईबापांचे चेहरे बिघडायला लागले, मग कशाला बसायचं तिथे? सांगितलं होतं की तुला.”

सांगितलं होतं. डोळे अधू असते तर तो कागदही त्यांना काळपटच दिसला असता. बिचारे बाबा अंधारल्या पडद्यावर चेहरे उजळवत राहिले आणि तो जास्तीचा उजेड कागदावर उतरत गेला. एवढी ढोबळ चूक तिने आपल्या वर्गातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही माफ केली नसती.

दुकानातून आणलेल्या एलईडीच्या पट्ट्या तिने ट्यूबच्या जागी बसवल्या, जोडण्या पुन्हा तपासल्या आणि बटण दाबलं.

“बाप रे!” बाबांनी डोळ्यांवर हात घेतला. “जरा कमी कर. आधी असा होता हा?”

“असाच होता. तुमचे डोळे ठीक होते, बाबा. बिघाड याच्यात होता. मी उगाच...”

बाबांचा उजवा हात टेबलावरून सरकत पॅडच्या जागेपाशी गेला आणि मोकळ्या लाकडावर टेकला. पेन फिरवून पडद्यावरचा फोटो दुरुस्त करायचं ते पॅड त्यांनी फोटो छापणाऱ्या स्टुडिओतल्या नव्या मुलीला देऊन टाकलं होतं. पडून राहील, देऊन टाका, असं लेकच म्हणाली होती.

“आपण नवं आणू.”

“बघू.”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग माऊस धरून गुलाम उचलला आणि राणीवर ठेवायला नेला, पण ठेवला नाही.

“हिच्या गालावर लाली आहे बघ,” ते म्हणाले. “मी आपला समजत होतो, चित्र काढणारा ती द्यायलाच विसरलाय.”