भूल चढेपर्यंत

दातांच्या डॉक्टरीणबाईंना देवाशी निवांत बोलायचं होतं. पण त्या मोकळ्या असायच्या तेव्हा नेमक्या सासूबाईही मोकळ्या असायच्या.

पहाटे उठून पाहिलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बाईंनी डोळे मिटले, "हे पित्या" म्हटलं, तोच सासूबाई हजर.

"बसल्या बसल्या झोपलीस की काय गं?"

"प्रार्थना करतेय, आई."

"कर, कर. मी कुठे काय बोलतेय?" असं म्हणून त्या समोर बसल्या आणि आपल्या गुडघ्यांविषयी बोलू लागल्या. आधी उजव्या, मग डाव्या. आतून नवऱ्याने मोज्यांची चौकशी केली. "पलंगाखाली!" बाई ओरडल्या. त्या दिवशी पित्याच्या कानी गेलं ते एवढंच.

रविवारी चर्चच्या दारात त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं. देवाला उरलासुरला वेळ देणं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढणं, असा उपदेश साहेबांनी नुकताच केला होता.

"तुम्ही स्वतः केव्हा बसता हो शांतपणे?"

साहेबांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "खरं सांगू? सिग्नलला. लाल दिवा लांबला तर प्रार्थना बरी होते." मग जरा ओशाळले. "वेळ काही कोणी आणून देत नाही, बाई. कुठे पडलेला दिसला तर उचलायचा."

असा पडलेला वेळ बाईंकडे होता. दाढ काढण्याआधी सुई टोचली की भूल चढेपर्यंत थांबावंच लागतं. तेवढ्यात त्या फोन घ्यायच्या, कवळ्या बनवणाऱ्याला झापायच्या, चहाचा थंडगार घोट गिळायच्या. आता ती मिनिटं देवाची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सोमवारी पहिला पेशंट म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. धिप्पाड माणूस, भोंग्यासारखा आवाज, अक्कलदाढ पार किडलेली.

"अक्कलदाढ काढल्यावर अक्कल जात नाही ना?"

"असेल तर जाईल. आ करा."

सुई दिली. बाई शेजारच्या स्टुलावर टेकल्या, हातमोज्यांसकट बोटं एकमेकांत गुंफली आणि डोळे मिटले. मास्तरांनी मान तिरकी करून पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या शेजारी बसून माणसं असे डोळे मिटतात तेव्हा समोरून ट्रक येत असतो, हा त्यांचा धंद्यातला अनुभव.

"बाई! इतकं वाईत आहे?" जीभ जड व्हायला लागली होती.

"श्श. प्रार्थना करतेय."

"कोणाथाठी?"

खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "आत्ता तुमच्यासाठीच."

मास्तर उठले ते गळ्यातल्या कागदी लाळेऱ्यासकट बाहेर. बाकावरच्या पेशंटांना त्यांनी लाळ गाळत, हातवारे करत बरंच काही सांगितलं. त्यातलं "प्राथना" आणि "थंपलं" एवढंच लोकांना कळलं, आणि तेवढं पुरलं.

रिसेप्शनवरच्या मावशी आत डोकावल्या. "सगळे गेले, बाई. एक आजोबा आहेत, पण त्यांना ऐकू येत नाही. कवळी न्यायला आलेत, मी देते."

बाई रिकाम्या खुर्चीत आडव्या झाल्या. "देवा," त्या म्हणाल्या, "वेळ मागितला होता. पेशंट हाकलायला कोणी सांगितलं होतं?" तोंड एकदा सुटलं ते सुटलंच. सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याचे मोजे, पाळकसाहेबांचा सिग्नल, सगळ्यांची तक्रार झाली. देवाचीही झाली, त्याच्या तोंडावर. आणि मग बोलायचं संपलं.

एवढ्या लांबवर त्या कधी पोचल्याच नव्हत्या. दर वेळी मध्येच कोणीतरी हाक मारायचं. आता पंखा फिरत होता. आपण किती थकलोय हे त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि ते दुसऱ्या कोणाला तरी आधीच ठाऊक असावं असं वाटलं. डोळ्यांतून पाणी कानात गेलं. ते न पुसताच त्यांना झोप लागली, चांगली घोरत. मावशींनी दार लोटून घेतलं.

मंगळवारी मास्तर परत आले. गाल टम्म सुजला होता.

"काढा, बाई. रात्रभर जीव गेला माझा. आणि तुमचं ते काय ते, तेही उरकून घ्या. अर्धवट ठेवू नका."

"पळणार नाही ना?"

"पाय शाबूत आहेत, सांगता येत नाही." मग खुर्चीचा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "मी काय म्हणायचं असतं?"

"काही नाही. गप्प बसायचं."

"मी?"

बाईंनी सुई दिली आणि डोळे मिटले. मास्तर अस्वस्थपणे हलले, खाकरले, मग खरंच गप्प झाले. बाहेर फोन वाजला. "बाई कामात आहेत," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. दाढ एका ओढीत निघाली.

हळूहळू पेशंट परतले. काहींना बाईंचे मिटलेले डोळे दिसले की अजून धडकी भरते, त्यांना मावशी आधीच समजावून ठेवतात. बाईंची प्रार्थना रोज जमते असंही नाही. कधी कधी देवासमोर बसून त्या संध्याकाळी भाजी कुठली करायची याचाच विचार करतात. देवाकडून अजून तरी काही तक्रार आलेली नाही.