ओलेत्याने दर्शन

"स्कॅनच्या आधी मुलीला थंडी वाजली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

भार्गवी अकरा वर्षांची. मानेतल्या गाठींचा कॅन्सर. सहा महिने केमो झाली, आता गाठी गेल्या की नाहीत ते हा स्कॅन सांगणार होता. आणि त्यात मान, खांदे दोन्हीकडे उजळलेले दिसत होते.

वाजली होती हो थंडी. मीच वाजवली. त्या पहाटे नागावहून निघून, वाट वाकडी करून तिला पालीला नेलं. ओलेत्याने बल्लाळेश्वराचं दर्शन घ्यायचं, हे माझंच डोकं. पौषातला गारठा आणि दोन बादल्या गार पाणी! हे म्हणाले, "अगं, पोरीची नुसती हाडं राहिलीत." मी फिस्कारले, "तुम्ही गाडी चालवा." पुढे काच धुरकटते म्हणून मुंबईपर्यंत एसी.

"ही तपकिरी चरबी असावी," डॉक्टर म्हणाले. "मुलांच्या मानेत, खांद्यांत असते. थंडी वाजली की अंग तापवायला साखर ओढते आणि स्कॅनमध्ये आजारासारखी उजळते. बहुतेक तीच. पण खात्री हवी. दहा दिवसांनी उबेत ठेवून परत करू."

दहा दिवस मी शाळेत अपूर्णांक शिकवले, घरी भात लावला. इतकी थकले होते की रडायचाही कंटाळा आला होता.

दुसऱ्या वेळी आदल्या दिवसापासून स्वेटर, कानटोपी, दोन गोधड्या. पोरगी घामाघूम झाली. मान स्वच्छ आली, खांदे स्वच्छ आले.

परतताना मी विचारलं, "त्या दिवशी एवढी कुडकुडत होतीस, तर बोलली का नाहीस गं बाई?"

"तूच म्हणालीस ना, बाप्पाकडे जाताना कुरकुर नको. केमोच्या वेळी पण तेच म्हणायचीस."

खरंच होतं. सिस्टर विचारायच्या, दुखतंय का? ही मानेनेच नाही म्हणायची. आणि मी मेली गावभर कौतुक सांगायचे, आमची भार्गवी हूं की चूं करत नाही.

पेणच्या पुढे वारा सुटला. तिने स्वेटर कधीच काढून टाकला होता.

"थंडी वाजतेय?"

"नाही."

मी तिचा हात धरला. गारठला होता.

"खरं सांग, भार्गवी."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"सांगू?" तिने विचारलं.